एस-९, एसबी-८, एसएम-९: पॅरा स्विमिंगमधला हा नंबर येतो कुठून?

२०२४ च्या ऑक्टोबरात पणजीला कांपालच्या पूलवर राष्ट्रीय पॅरा जलतरण स्पर्धा झाली तेव्हा गॅलरीत बाजूला बसलेल्या एका काकांनी मला जो प्रश्न विचारला तो मी त्यानंतर बऱ्याच जणांकडून ऐकलाय. "अरे, त्या पलीकडच्याला दोन्ही पाय धड आहेत, ह्याला एकच, आणि दोघांना एकत्र सोडतात? हा सरळ अन्याय नाय का रे?"

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि खरं सांगायचं तर पॅरा स्विमिंगचा सगळा डोलारा ह्या एकाच प्रश्नावर उभा आहे. पर्पल फेस्ट ह्या दिव्यांगांच्या महोत्सवामुळे गोव्यात दिव्यांग हा शब्द हल्ली निदान बॅनरवर तरी भरपूर दिसतो, पण खेळ म्हणून बघायचं तर नियम कळावे लागतात, नाहीतर आपण "काय ती जिद्द" म्हणून टाळ्या वाजवतो आणि मोकळे होतो. मला हे पर्सनली फार खटकतं. तिथे पोहणाऱ्याला तुमचं कौतुक नको असतं हो, त्याला शेजारच्या लेनवाल्याला हरवायचं असतं.

तर आधी स्पर्धेचं थोडक्यात. जागतिक पॅरा जलतरण अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदा १९९४ साली माल्टामध्ये झाली, सुरुवातीला चार वर्षांनी व्हायची, आता साधारण दोन वर्षांनी होते. वर्ल्ड पॅरा स्विमिंग नावाची संस्था ती घेते आणि ही संस्था आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीच्या छत्राखाली येते, जिचं ऑफिस जर्मनीत बॉनला आहे. आशियात ही स्पर्धा यायला २०२५ उजाडलं, सप्टेंबरमध्ये सिंगापूरला झाली. त्याआधी २०१९ ला मलेशियात कुचिंगला होणार होती, पण मलेशियाने इस्रायलच्या खेळाडूंना येऊ द्यायला नकार दिला म्हणून समितीने यजमानपदच काढून घेतलं आणि स्पर्धा लंडनला नेली. २०१९, २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ तीन वेळा पदकतक्त्यात इटली पहिली आली, जे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं, सगळ्यांना वाटतं चीन किंवा अमेरिका असणार.

आता नंबराकडे वळू.

स्क्रीनवर खेळाडूच्या नावापुढे एस-९ असं काहीतरी येतं. एस म्हणजे फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायसाठीचा क्लास, एसबी फक्त ब्रेस्टस्ट्रोकसाठी आणि एसएम चारही प्रकार मिळून पोहतात त्या मेडलेसाठी. १ ते १० हे शारीरिक अपंगत्वाचे, ११ ते १३ दृष्टीचे आणि १४ बौद्धिक अक्षमतेचा (ब्रेस्टस्ट्रोकमध्ये शारीरिक क्लास ९ पर्यंतच आहेत, १० नाहीच). शारीरिकमध्ये आकडा जितका लहान तितकी अडचण जास्त, म्हणजे एस-१ वाला जवळजवळ हातपाय हलवू न शकणारा आणि एस-१० वाला बघताना तुम्हाला कदाचित कळणारही नाही की ह्याला काय झालंय. ते न कळणं हेच मग गॅलरीतल्या कुजबुजीचं कारण होतं.

हा आकडा आजाराच्या नावावरून ठरत नाही. पूर्वी ठरायचा, पाय कापलेल्यांचा एक गट, पाठीचा कणा दुखावलेल्यांचा वेगळा, सेरेब्रल पाल्सीवाल्यांचा (मेंदूतल्या इजेमुळे ज्यांचा हालचालींवर नीट ताबा राहत नाही त्यांचा) वेगळा, असे इतके गट व्हायचे की एकेका शर्यतीत माणसंच नसायची. १९९२ च्या बार्सिलोना पॅरालिंपिकच्या सुमारास विचार बदलला. तुला काय झालंय हे नको सांगू, त्यामुळे पाण्यात तुझं किती नुकसान होतं ते बघू. कुस्तीत वजनाचे गट असतात तसंच हे, फक्त इथे वजनकाटा नाही, काटा म्हणजे दोन-तीन माणसं आणि त्यांचे तक्ते, आणि सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

हे मोजतात कसं ते जरा जवळून बघू, कारण खरी मजा ह्यातच आहे. खेळाडूला आधी एका साध्या तपासणीच्या टेबलावर झोपवतात. एक डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट आणि एक पोहण्यातला तांत्रिक माणूस, असं निदान दोघांचं पॅनल असतं. खांदा वर उचल, आता मी दाबतो तू विरोध कर, कोपर वाकव, घोटा फिरव, प्रत्येक सांध्याच्या ताकदीला शून्य ते पाच असे गुण. हात किंवा पाय नसेल तर उरलेल्या भागाची टेप लावून लांबी. सेरेब्रल पाल्सी असेल तर हालचाल पटापट करायला लावून तोल आणि ताळमेळ बघतात. मग पूलमध्ये उतरवतात, पोहायला लावतात, तरंगायला लावतात, उडी आणि टर्न बघतात. एवढं करूनही संपत नाही, प्रत्यक्ष शर्यतीतसुद्धा पॅनलची नजर असते, की टेबलावर न हलणारा पाय पाण्यात अचानक हलायला लागला का.

गेली कित्येक वर्षं चालत आलेल्या हिशेबात धडधाकट शरीराला एकूण ३०० गुण धरतात. त्यात दोन्ही हातांचे मिळून १३०, दोन्ही पायांचे १००, धडाचे ५०, स्टार्टचे १० आणि टर्नचे १०. आता समजा एखाद्या मुलीचा एक पाय पूर्णच गेलाय. तिचे पायाचे ५० गेले, उरले २५०, स्टार्ट-टर्नमध्ये अजून एखाद-दोन कमी होतील. २४१ ते २६५ म्हणजे एस-९. आणि एखाद्याचा एक हात खांद्यापासून नाही, त्याचे ६५ गेले, उरले २३५. २१६ ते २४० म्हणजे एस-८. बघितलंत, रस्त्यावर चालताना पाय नसणं कितीतरी जास्त त्रासाचं, पण पाण्यात हात जास्त महागात पडतो, कारण फ्रीस्टाइलमध्ये तुम्हाला पुढे ओढतात ते मुख्यतः हात.

पण ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हे उलटतं. बेडकासारखी लाथ मारायची म्हणजे पायाचं काम मोठं, म्हणून तिथला हिशेबच वेगळा आहे, हातांचे ११०, पायांचे १२०, धडाचे ४०, स्टार्ट-टर्न तेच, एकूण २९०. आता तीच आपली एक पाय नसलेली मुलगी, तिचे ६० गेले, उरले २३०, म्हणजे एसबी-८. माणूस तोच, शरीर तेच, सकाळच्या शर्यतीत ९ आणि संध्याकाळच्या शर्यतीत ८. म्हणून एका नावापुढे तीन तीन आकडे असतात, टायपिंग मिस्टेक नाही ती.

आणि म्हणूनच एका क्लासमध्ये दिसायला एकदम वेगवेगळी माणसं येतात. २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये ब्रिटनची एली सिमंड्स, जिची उंची जन्मतः कमी, ती एस-६ मध्ये होती आणि चीनचा झेंग ताओ, ज्याला दोन्ही हात नाहीत, तोसुद्धा एस-६ मध्येच होता. शर्यती अर्थातच पुरुषांच्या वेगळ्या आणि बायकांच्या वेगळ्या, पण आकडा तोच. काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: ह्याला पाय किती आणि त्याला किती हे मोजलंच जात नाही, बेरीज मोजली जाते. ज्याचे दोन्ही पाय धड दिसत होते त्याचे गुण हातात किंवा धडात किंवा ताळमेळात गेलेले असणार, आणि ते गॅलरीतून दिसत नाही.

छोट्या स्पर्धांत अजून एक गंमत असते जी कांपालला बसलेल्या बऱ्याच जणांना कळली नसेल. एकेका क्लासमध्ये पोहणारे कमी असले की दोन-तीन क्लास एकत्र सोडण्याचीही सोय आहे. मग आधी भिंतीला हात लावणारा जिंकलाच असं नाही, आपापल्या क्लासच्या मानाने कोणाची वेळ किती चांगली ह्याचा गुणतक्ता असतो, त्यावरून नंबर निघतात. तिसरा आलेला पोडियमवर सगळ्यात वर उभा दिसला तर घोटाळा झाला असं समजून आरडाओरडा करू नका.

आता एक गोष्ट जी आपल्याकडच्या आईवडिलांना हमखास गोंधळात टाकते. सरकारी दिव्यांग कार्ड आणि हा स्पोर्ट्स क्लास ह्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि ४० टक्क्यांची रेषा आहे, ती सवलतींसाठी. पॅरा खेळात मात्र दहाच प्रकार चालतात, स्नायूंची ताकद कमी असणं, सांधा पुरता न वळणं, अवयव नसणं, दोन पायांच्या लांबीत फरक, कमी उंची, स्नायू आखडणं, तोल जाणं, आपोआप होणाऱ्या हालचाली, दृष्टी आणि बौद्धिक अक्षमता. ह्या यादीत कान नाहीत! ठार बहिरा मुलगा कार्डावर शंभर टक्के असला तरी तेवढ्यावर पॅरा स्विमिंगमध्ये बसत नाही, त्यांची डेफलिंपिक्स नावाची स्वतंत्र स्पर्धा आहे आणि ती १९२४ पासून आहे, म्हणजे पॅरालिंपिकपेक्षा कितीतरी जुनी. बौद्धिक अक्षमता असलेल्यांची स्पेशल ऑलिम्पिक्स हेही तिसरंच प्रकरण, तिथे सहभागावर भर असतो, इथल्यासारखी मिलिसेकंदाची मारामारी नाही. आपल्या पेपरात ह्या तिन्हींची बिनधास्त सरमिसळ चालते.

दृष्टी नसलेल्यांचं जग पुन्हा निराळं. एस-११ वाल्यांना सगळ्यांना काळे केलेले गॉगल घालावे लागतात, कारण त्यातल्या एखाद्याला थोडासा उजेड कळत असेल आणि दुसऱ्याला तेवढाही नाही, मग सगळ्यांनाच पूर्ण अंधार. शर्यत संपली की पंच ते गॉगल हातात घेऊन खरंच अपारदर्शक आहेत का ते तपासतो. आणि भिंत आली हे कळणार कसं? पूलच्या दोन्ही टोकांना खेळाडूचा एकेक माणूस उभा असतो, टॅपर म्हणतात त्याला, हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला मऊ फोमचा गोळा. पोहणारा भिंतीपासून ठराविक अंतरावर आला की डोक्यावर किंवा पाठीवर टप्प. एवढंच. पण ह्या टप्पमध्ये सगळं आहे, अर्धा स्ट्रोक लवकर मारली तर खेळाडू भिंतीच्या आधीच टर्न घेतो आणि पाय हवेत, अर्धा स्ट्रोक उशिरा मारली तर बोटं किंवा डोकं काँक्रीटवर. मला विचाराल तर त्या काठीवाल्यालाही मेडल द्यायला हवं. हे दोघं महिनोन्महिने एकत्र सराव करतात, ऐनवेळी कोणालाही धरून उभं केलं असं चालत नाही.

हात नसलेल्यांचा बॅकस्ट्रोकचा स्टार्टही बघण्यासारखा असतो. बाकीचे हँडल धरून लटकतात, ह्यांना धरायला हात नाहीत, मग टॉवेल किंवा पट्टा दातांत धरायचा आणि स्टार्टचा आवाज झाला की सोडायचा. काही जण ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या चौथऱ्यावरून, उडी मारतात, काही बसून, काही आधीच पाण्यात असतात. कृत्रिम हातपाय काहीच पाण्यात चालत नाही, म्हणून शर्यत सुरू झाली की काठावर व्हीलचेअरी, कुबड्या आणि बूट घातलेले सुटे पाय असे रांगेत पडलेले दिसतात. शेवटचा टच हात नसेल तर डोक्याने करतात. झेंग ताओ पूर्ण वेगात येऊन डोकं आपटतो भिंतीवर, बघतानाच कपाळ दुखतं, आणि असंच आपटून त्याने टोकियोला चार सुवर्णपदकं नेली. ब्राझीलचा गॅब्रिएल अराउजो एस-२ मध्ये आहे, त्याचे हात नाहीतच म्हटले तरी चालेल आणि पाय फार आखूड, तो सगळं अंग लाटेसारखं हलवून पोहतो, पॅरिसला त्याने तीन सुवर्णं जिंकली.

सुवर्णं खूप वाटतात ना? असतातच. पॅरिस पॅरालिंपिकमध्ये फक्त पोहण्यात १४१ फायनल होत्या, ऑलिम्पिकमध्ये पूलमधल्या ३५. क्लास वाढले की मेडल वाढणार, साधं गणित. ह्यावरून काही जण "मग त्या मेडलला किंमत काय" असं म्हणतात, त्यांना माझा उलट प्रश्न असतो की कुस्तीत आणि बॉक्सिंगमध्ये इतकी वजनं आहेत तेव्हा कधी विचारलं होतं का.

पण व्यवस्था माणसांच्या हातात असली की पळवाट पण येतेच. २००० साली सिडनीला स्पेनच्या बास्केटबॉल संघाने बौद्धिक अक्षमतेच्या गटात सुवर्ण जिंकलं आणि नंतर बाहेर आलं की १२ पैकी १० जण अगदी नॉर्मल होते. शिक्षा कोणाला झाली? पोहणाऱ्यांनासुद्धा. बौद्धिक अक्षमतेचे खेळाडू पॅरालिंपिकमधून बाहेर गेले ते थेट २०१२ ला लंडनला परत आले, आणि आता एस-१४ साठी फक्त बुद्ध्यांक नाही तर रोजच्या जगण्यातलं वागणं, हे सगळं वाढीच्या वयापासूनच आहे ह्याचे कागद आणि वर खेळाशी संबंधित चाचण्या असं सगळं बघतात. उलटी बाजूही आहे. २०१३ ला माँट्रियलच्या जागतिक स्पर्धेच्या तोंडावर अमेरिकेच्या व्हिक्टोरिया आर्लनला अपात्र ठरवलं, का तर तिचं अपंगत्व कायमचं आहे ह्याचा पुरावा पुरेसा नाही. त्याआधीच्या वर्षी लंडनला ती जिंकलेली होती. आपल्याकडे टोकियोमध्ये थाळीफेकीत विनोद कुमारचं कांस्यपदक क्लासच्याच मुद्द्यावरून गेलं ते आठवत असेल. माझं मत म्हणाल तर ह्यात प्रत्येक वेळी कोणी चोरच असतो असं नाही, एखाद्याचा आजार वाढत जातो, एखाद्याचा कमी होतो, म्हणून तर क्लासपुढे नवीन, पुन्हा तपासायचा आणि पक्का असे शेरे असतात. पण चार वर्षं एस-७ म्हणून घाम गाळायचा आणि स्पर्धेच्या तीन दिवस आधी सांगायचं की तू एस-८, म्हणजे कालपर्यंत फायनलचा दावेदार आणि आज हीटमध्येच, म्हणजे पहिल्याच फेरीत, बाहेर, हे कसं पचवायचं कोण जाणे.

आपल्या माणसांचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्णच मुळी पोहण्यातलं आहे आणि ते सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या माणसाचं. मुरलीकांत पेटकर, सैन्यात होते, बॉक्सर होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, तेव्हाचा विश्वविक्रम. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. करमाळा तालुक्यातल्या सुयश जाधवने लहानपणी विजेच्या झटक्यात दोन्ही हात गमावले, तो एस-७ मध्ये, रिओ आणि टोकियो दोन्हीकडे पोहला आणि २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण आणलं. बटरफ्लाय, हात नसताना, जरा विचार करून बघा. आणि नागपूरची कांचनमाला पांडे, एस-११, २०१७ ला मेक्सिकोत जागतिक स्पर्धेत २०० मीटर मेडलेचं सुवर्ण, ह्या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय. त्या वर्षी सप्टेंबरात मेक्सिकोत भूकंप झाल्याने स्पर्धा डिसेंबरवर गेली आणि बऱ्याच देशांनी संघच पाठवले नाहीत म्हणून काही लोक ह्या सुवर्णाला नाकं मुरडतात. जे आले नाहीत त्यांचा हिशेब आलेल्यांनी का द्यायचा?

गोव्यात कोणाला मुलाला ह्यात घालायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा की राष्ट्रीय क्लास आणि आंतरराष्ट्रीय क्लास वेगळे असतात. इथे मिळालेला आकडा बाहेर गेल्यावर नव्याने तपासला जातो, आणि वैद्यकीय कागद नीट नसले तर टेबलावर झोपायच्या आधीच गाडी अडते. निदान काय, कधीपासून, कायमचं आहे का, हे स्पष्ट लिहिलेले रिपोर्ट हवेत, नुसतं कार्ड दाखवून भागत नाही.

शेवटी रिले, कारण बघायला सगळ्यात भारी तीच. चार जणांचे क्लासचे आकडे मिळून ३४ च्या वर जायचे नाहीत असा नियम असलेली रिले आहे. म्हणजे १०, १०, ८, ६ चालेल, ९, ९, ८, ८ पण चालेल, दोन्हींची बेरीज ३४. जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी २० ची रिले, आणि दृष्टिहीनांची ४९ ची, तिथे १३, १३, १२, ११ असं काहीतरी जमवावं लागतं. जागतिक स्पर्धेत ह्या मिश्र असतात, दोन पुरुष दोन बायका. आता कोच काय करतात, कोणी आपला १० वाला पहिला सोडतो, कोणी ६ वाली पहिली सोडते, त्यामुळे मध्यावर एक संघ अर्ध्या पूलने पुढे दिसतो आणि लोकांना वाटतं झालं, संपलं. काही संपलेलं नसतं. पुढच्याचे दोघं फास्टवाले पोहून झालेत आणि मागच्याचे दोघं अजून ब्लॉकवर उभे आहेत. तेव्हा रिले चालू असताना कृपा करून चहाला उठू नका.